पचमढी : बारा महिन्यांचा डोंगर



‘थंड हवेचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यात दडलेल्या अटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ठिकाण थंड हवेचे, म्हणजे ते पाहणारा मनुष्य उकाड्यातून आलेला. म्हणजे महिना चैत्र-वैशाखाचा, मुलांना सुट्टी लागलेली आणि परतीचे तिकीट मृगाच्या आत काढलेले. डोंगराची सगळी ओळखच एका ऋतूच्या गरजेतून ठरली. उरलेले नऊ-दहा महिने त्या डोंगरावर काय चालते, हा प्रश्न या नावाने कधी विचारलाच नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या पचमढीला मात्र मराठी भाषेत आणखीही एक नाव आहे. विदर्भातील खेड्यापाड्यांतून माणसे पचमढीला जात नाहीत. ती ‘मोठ्या महादेवाला’ जातात. ठिकाण तेच, वाट पुष्कळशी तीच. परंतु पंचांग वेगळे. या दोन नावांपैकी कोणते त्या डोंगराला अधिक न्याय देते, याचा शोध घेणे हे पुढील विवेचनाचे प्रयोजन आहे.

प्रथम स्थलवर्णन. सातपुड्याच्या महादेव रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर पचमढीचे पठार आहे. त्याचा आकार परातीसारखा. मध्यभाग काहीसा सखल आणि कडांना शिखरे. त्यांतील धूपगड सुमारे १,३५० मीटर उंचीचा असून तो सातपुड्यातील आणि सबंध मध्यप्रदेशातील सर्वोच्च बिंदू होय. हा दगड सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा नव्हे. वालुकाश्म आहे तो. भूशास्त्राने त्याला ‘महादेव वालुकाश्म’ असेच नाव दिले आहे. पाणी त्यात सहज मुरते आणि सहज त्याला कापतेही. म्हणूनच पचमढीत दऱ्या उताराने खाली जात नाहीत, तर एकाएकी पायाखालची जमीन संपते. हांडीखोहच्या काठावर उभे राहिलेल्याला सुमारे तीनशे फुटांची सरळ घळ दिसते. तळाशी झाडांचे शेंडे असतात आणि पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. याच दगडाने गुहा दिल्या. ज्या पाच मढ्यांवरून गावाचे नाव पडले, त्या लोकपरंपरेने पांडवांच्या मानल्या आहेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्या बौद्ध भिक्षूंनी कोरल्या असाव्यात असे म्हणतात. डोंगरातील अन्य शैलाश्रयांत लाल-पांढऱ्या रंगांची चित्रे आहेत. डी. एच. गॉर्डन यांनी १९३० च्या दशकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाचणारी, शिकार करणारी, मधाची पोळी उतरविणारी माणसे त्या भिंतींवर आहेत. तेव्हा या डोंगरावर मनुष्याची वर्दळ किती जुनी, हे सांगावयास कोणा साहेबाची गरज नाही.

आणि तरीही पचमढीचा ‘शोध’ १८५७ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने लावला, असे वाक्य पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक पुस्तिकांतून आढळते. ते दोन्ही अंगांनी तपासून पाहण्याजोगे आहे. फोर्सिथचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. लेखक अवघ्या तेहतीस वर्षांचा होऊन गेला. त्या ग्रंथात त्याने स्वतःच सांगितलेला पचमढीचा प्रवास १८६२ चा आहे. नुकत्याच स्थापन झालेल्या मध्यप्रांताच्या वनखात्यासाठी जंगलांची पाहणी करावी आणि डोंगरावर एक वननिवास बांधावा, या कामगिरीवर तो निघाला होता. तो निवास म्हणजे आजचा बायसन लॉज. दुसरे असे की, ठगीचा बीमोड करणारा अधिकारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमन याचे आठवणींचे पुस्तक १८४४ साली निघाले, आणि त्यात महादेवाच्या डोंगरावर भरणाऱ्या जत्रेचा उल्लेख आहे. म्हणजे फोर्सिथ सहा वर्षांचा होता तेव्हा ती जत्रा पुस्तकात छापून आलेली होती! गोंड-कोरकूंचे तर ते घरच होते. त्याने शोध लावला तो डोंगराचा नव्हे, डोंगराच्या उन्हाळी उपयोगाचा. हे श्रेय मात्र त्याला निःसंकोच द्यावे, कारण जंगलाचे, गव्यांचे आणि तेथील माणसांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचनीय आहे.

हा उन्हाळी उपयोग पुढे राजमान्य झाला. मध्यप्रांताची राजधानी नागपूर. तेथील उन्हाळा सर्वश्रुत आहे. तेव्हा प्रांताचे शासन दरवर्षी उन्हाळ्यात पचमढीस चढू लागले. लाटसाहेबांबरोबर दप्तरे चढली आणि दप्तरांबरोबर कारकून. चर्च उभी राहिली, बंगले उभे राहिले, छावणी वसली. पहिला पाऊस पडला की सगळा लवाजमा खाली उतरे. नागपूरकर मध्यमवर्गाच्या मनात पचमढीची जी प्रतिमा आहे, ती या परंपरेची. फोर्सिथ पॉइंटचे ‘प्रियदर्शिनी’ झाले, फेअरी पूलचे ‘अप्सरा विहार’ झाले, परंतु पाहण्याची रीत साहेबाचीच राहिली : वाहनात बसावे, एका ठरावीक जागी उतरावे, कठड्यापाशी उभे राहून खाली पाहावे आणि पुढच्या जागेकडे निघावे. आपल्याकडे याला ‘पॉइंट उरकणे’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे!

जाता जाता एका गोष्टीचा निर्देश करावयास हवा. १८५८ च्या ऑक्टोबर अखेरीस तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडली आणि याच डोंगराळ मुलखातून ते मुलताईच्या दिशेने गेले. हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांनी त्यानंतरही देनवा नदीच्या खोऱ्यात इंग्रजांशी झुंज चालू ठेवली. अखेर पकडून जबलपूर येथे त्यांना फाशी देण्यात आले. २०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरली, तेव्हा तेथील अभयारण्यास भभूतसिंह यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. पॉइंटांच्या यादीत हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

आता ऋतूंकडे वळू. इंदूरहून जाणाऱ्यास नर्मदा एक्सप्रेसने पिपरियास उतरून मटकुलीमार्गे घाट चढता येतो. नागपूरहून छिंदवाडा, तामियामार्गे सडक आहे. अलीकडे चांगल्या मोटारमार्गांमुळे शनिवार-रविवारची धावती भेट ही नवीच प्रथा पडली आहे आणि पचमढी बारा महिने गजबजू लागली आहे. मात्र बारा महिने जाणे आणि बारा महिने पाहणे यांत अंतर आहे.

वैशाखातील पचमढीविषयी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. दुपारी बारा वाजता तेथे थंड हवा नसते. वालुकाश्म तापतो, धूळ उडते, झऱ्यांचे पाणी रोडावलेले असते. सुख असते ते रात्री आणि पहाटे, आणि ते खरोखर मोठे असते. नागपूरच्या माणसाला तर फारच. पण डोंगराच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत कृश महिना. त्या आधीचा, फाल्गुन-चैत्राचा काळ अधिक पाहण्यासारखा. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचण्यास घरची सगळी माणसे टोपल्या घेऊन जंगलात गेलेली असतात. सालवृक्षाला नवी पालवी याच सुमारास येते. साल हा पूर्व भारताचा व हिमालयाच्या पायथ्याचा वृक्ष आणि सागवान हा दख्खनचा. पचमढीच्या परिसरात ही दोन्ही अरण्ये एकमेकांना भेटतात. सागाच्या बोडक्या रानातून चालत आलेल्याला एकाएकी सालाची हिरवी सावली लागते, हा अनुभव एप्रिलमध्ये ज्याने पायी चालून घेतला त्याला दोन्ही अरण्यांतील फरक पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

आषाढापासून डोंगर पालटतो. पचमढीचा पाऊस इंदूरच्या जवळजवळ दुप्पट, आणि तो ढगांतून पडतो असे म्हणण्यापेक्षा ढगांतच राहतो असे म्हणणे योग्य. कित्येक दिवस धूपगड दिसतच नाही. पॉइंट पाहण्यास गेलेला मनुष्य या दिवसांत कठड्यापाशी उभा राहून पांढऱ्या भिंतीकडे पाहतो आणि पैसे वाया गेले म्हणतो. परंतु सुमारे साडेतीनशे फूट कोसळणारा रजतप्रपात हा नावाला जागतो तो याच दिवसांत. मेमध्ये पाहिला तर ती केवळ एक रेघ असते.

खरा मोसम, निदान पायी चालणाऱ्याचा, आश्विनात सुरू होतो. पाऊस उघडलेला, दगड धुतलेला, वाटा अजून ओल्या आणि हवा इतकी स्वच्छ की दूरच्या रांगा एकामागे एक मोजता येतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सहली पावसाळ्यानंतर येथे येतात त्या उगाच नव्हे. दऱ्यांच्या ओल्या सावलीत नेच्यांच्या अनेक जाती आहेत. वृक्षाएवढे वाढणारे नेचे आहेत. आणि सायलोटम नावाची, मुळे नसलेली व पाने जवळजवळ नसलेली, अतिप्राचीन घडणीची वनस्पती आहे. पाठ्यपुस्तकातील आकृती म्हणून जिचा कंटाळा केला, ती खडकाच्या भेगेत उगवलेली पाहताना विद्यार्थी कसे गप्प होतात, हे तेथे गेलेल्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. कोवळ्या उन्हात उंच झाडांवरून शेकरू उड्या घेते. महाराष्ट्राने राज्यप्राणी मानलेली ही मोठी खार सातपुड्यातही सुखाने नांदते. मार्गशीर्ष-पौषात मग कडाक्याची थंडी. मैदानी गवतावर पहाटे दंव गोठते, गावात शेकोट्या पेटतात, आणि भाड्याची सायकल घेऊन छावणीच्या निवांत, झाडीच्या रस्त्यांवरून हिंडण्यास याहून चांगले दिवस नाहीत. डिसेंबर अखेरची गर्दी तेवढी टाळावी.

इथवर जे सांगितले ते सहलीचे. ‘मोठ्या महादेवाला’ जाणाऱ्याचे पंचांग याहून निराळे. त्यात दोनच तिथी. माघ वद्य चतुर्दशीस, महाशिवरात्रीला, चौरागडाची यात्रा. सुमारे तेराशे पायऱ्या चढून माणसे शिखरावर जातात आणि खांद्यावरून वाहून आणलेला त्रिशूळ महादेवाला अर्पण करतात. नवसाप्रमाणे कोणाचा त्रिशूळ हातभर लांब, तर कोणाचा इतका वजनदार की चार-सहा जणांनी तो पाळीपाळीने वाहावा. मंदिराच्या परिसरात त्या त्रिशूळांचे अक्षरशः रान उभे आहे. दुसरी तिथी नागपंचमी. ही नागद्वारीची यात्रा. भर पावसात, सुमारे दहा दिवस चालणारी. छिंदवाडा, बैतूल आणि विशेषतः नागपूर, अमरावती, वर्धा या भागांतून लाखो माणसे येतात. जळगलीपर्यंत वाहन, पुढे पाय. काजरी, पद्मशेष, स्वर्गद्वार असे मुक्काम करीत, निसरड्या दगडांवरून, लोखंडी शिड्यांवरून, ओढे ओलांडीत ही वाट जाते. विदर्भातील सेवामंडळे या दहा दिवसांसाठी पिठाची पोती आणि मोठी भांडी डोक्यावर घेऊन आत जातात आणि कोणाचीही जात-गाव न विचारता जेवण घालतात. म्हाताऱ्या बाया अनवाणी चालतात. पाऊस, धुके, चिखल यांविषयी तक्रार ऐकू येत नाही, कारण पाऊस हा या वाटेचा अडथळा नसून भाग आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. १९८१ पासून हा प्रदेश सातपुडा राष्ट्रीय उद्यानात आणि पुढे व्याघ्रप्रकल्पात आहे. १९९९ साली पचमढीचे जैवमंडळ घोषित झाले आणि २००९ साली युनेस्कोने ते आपल्या जागतिक जाळ्यात घेतले. व्याघ्रप्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. नागपंचमी नेमकी या काळात येते. म्हणजे दुर्बीण गळ्यात अडकवून जिप्सीत बसणाऱ्याला जंगल बंद, आणि त्याच वेळी त्रिशूळ घेऊन चालणाऱ्याला ते उघडे. आणि ऑक्टोबरात पर्यटकाला दार उघडते तेव्हा नागद्वारीची वाट बंद झालेली असते. वर्षाचे दहा दिवस सोडले तर त्या वाटेवर कोणी जावयाचे नाही, असा हा नियम आहे.

या नियमावर दोन्ही बाजूंनी रोष आहे. वन्यजीवांच्या अभ्यासकांना वाटते की, लाखो माणसांचे दहा दिवससुद्धा फार झाले. प्लास्टिक, गोंगाट, चुलींसाठी तोडलेली लाकडे यांची भरपाई उरलेल्या वर्षात होत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? उलट यात्रेकरूंपैकी पुष्कळांना वाटते की, आजे-पणजे ज्या वाटेने गेले तिला वनखात्याने कुलूप का घालावे. या दोघांहून अधिक गंभीर प्रश्न तिसऱ्याचा आहे, आणि तो मात्र फारसा विचारला जात नाही. या जंगलाच्या गाभ्यातून कोरकू व गोंडांची अनेक गावे बाहेर वसविण्यात आली. ज्यांच्या पूर्वजांनी यात्रेकरूंना वाट दाखविली, त्यांना आता त्याच वाटेवर वर्षाचे दहा दिवस, इतरांच्या बरोबरीने, प्रवेश आहे. काहींना बाहेर शाळा, दवाखाना, सडक मिळाली, हे खरे. ती त्यांनी आनंदाने स्वीकारली, असेही पुष्कळ ठिकाणी आहे. तथापि सुखसोयी मिळाल्या म्हणून देवाची वाट परकी झाल्याचे दुःख नाहीसे होते, असे मानणे घाईचे ठरेल.

तरीही या तिन्ही पक्षांचा विचार करता, दहा दिवसांचा नियम मोडू नये, असेच म्हणावे लागते. त्याचे कारण श्रद्धेत नाही आणि केवळ वाघातही नाही. ते पाण्यात आहे. जमुना प्रपात, ज्याला पर्यटक बी फॉल म्हणून ओळखतात, त्याच्याच प्रवाहातून पचमढी गावाला पिण्याचे पाणी मिळते. त्या पाण्यात दररोज शेकडो माणसे उतरतात. एके काळी ही वर्दळ उन्हाळ्याचे दोन महिने आणि सुट्ट्यांपुरती असे. उरलेल्या दिवसांत प्रवाह स्वतःला सावरून घेई. आता बाराही महिने हंगाम. वालुकाश्मावरील मातीचा थर पातळ. एकदा वाट रुंदावली, गवत तुडविले गेले की पावसाचे पाणी ती माती घेऊन जाते आणि खाली उघडा दगड राहतो. सावरण्यास अवकाश हवा असतो. छावणीचे आणि वनखात्याचे निर्बंध नसते तर पचमढीचे पठार केव्हाच हॉटेलांनी भरून गेले असते. देशातील अन्य गिरिस्थानांवरून परतलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. गावातील लहान दुकानदार आणि जिप्सीवाले या निर्बंधांना कंटाळले आहेत, आणि त्यांची पोटे त्यावर असल्यामुळे त्यांची कुरकुर हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बारमाही पर्यटनाने त्यांच्या घरी पावसाळ्यातही चूल पेटते, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून माणसांनी बारा महिने जावे. पण डोंगराचे सगळे दरवाजे बारा महिने उघडे नसावेत.

यातून घरच्या सहलीपुरते काही निघते. चार दिवस काढावेत. दोन दिवसांत अकरा पॉइंट पाहण्याचा हट्ट सोडावा. एक दिवस केवळ जटाशंकराच्या दरीत उतरून तेथील दगड, गारवा आणि ठिबकणारे पाणी यांच्यात घालवावा. धूपगडावर सूर्यास्ताला सगळेच जातात. पहाटे गेल्यास गर्दी निम्मी असते. बायसन लॉजमधील संग्रहालय आधी पाहून मग जंगलात जावे, म्हणजे काय पाहिले ते कळते. शक्य असल्यास कोरकू वाटाड्या बरोबर घ्यावा आणि त्याच्याशी झाडांची नावे बोलावीत. आणि एखाद्या वर्षी, अंगात बळ असेतो, ‘पचमढीला’ न जाता ‘मोठ्या महादेवाला’ जाऊन यावे. श्रावणात, पावसात, त्या दहा दिवसांत.

नागपंचमी उलटली की सेवामंडळांची माणसे भांडी घासून, पोती गुंडाळून वर येतात. शेवटची तुकडी बाहेर पडल्यावर वनरक्षक जळगलीपाशी वाट बंद करतात. भाद्रपदाचा पाऊस अजून उरलेला असतो. त्यात पायांनी उमटवलेला चिखल बसतो, कडेचे गवत वाटेवर झुकते आणि पुढच्या श्रावणापर्यंत त्या बाजूस कोणी जात नाही.